जावयाचा फोन

अभिमन सरांना शाळेने घेतलं होतं कबड्डी शिकवायला. त्याला आता वीसेक वर्षं झाली आणि या काळात त्यांनी कबड्डी सोडून बाकी सगळंच शिकवलं. चित्रकलेच्या सरांची बदली झाली तेव्हा चित्रकला, कार्यानुभवाला कोणी नव्हतं तेव्हा कार्यानुभव. एकदा तर गायनाचा तासही त्यांच्याकडे आला, तेव्हा त्यांनी मुलांना दम टिकवायला शिकवला आणि वेळ मारून नेली. शिरपूरहून सातपुड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरची ही शाळा. ज्या कामाला माणूस नाही ते काम ट्रॅकसूटवाल्याचं, असा तिथला न लिहिलेला नियम.

त्याच नियमाने धुळ्याच्या प्रशिक्षणाचं पत्र त्यांच्या टेबलावर येऊन पडलं. विषय होता किशोरवयीन मुलामुलींचे निरोगी नातेसंबंध. जायच्या होत्या त्या बाई बाळंतपणाच्या रजेवर. प्राचार्य म्हणाले, तुम्ही मैदानावर मुलंमुली दोन्ही सांभाळता, म्हणजे तुम्हाला अनुभव आहेच. सरांचा अनुभव होता तो सोललेल्या गुडघ्यांना हळद लावण्याचा. तरी ते गेले, दोन दिवस मागच्या बाकावर बसले आणि एक कापडी पिशवी, एक चित्रांचा तक्ता आणि थोडा गोंधळलेला चेहरा घेऊन परत आले. प्रशिक्षण देणाऱ्या बाईंनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती. त्रास देणारा मुलगा कोपऱ्यावर शिट्या मारत उभा असेलच असं नाही, पुष्कळदा तो फार काळजी घेणारा वाटतो. सरांनी हे लिहून घेतलं, खाली रेघ मारली, आणि लिहून घेतलेल्या गोष्टींचं एरवी जे होतं तेच याचंही झालं.

सरांची गावात दुसरीही एक नोकरी होती, बिनपगारी. ती चौकशीची. सोयरीक जुळवायच्या आधी मुलीकडचे लोक मुलाची चौकशी करतात. शेजाऱ्याला विचारतात, पानटपरीवाल्याला विचारतात आणि शेवटी शाळेच्या मास्तराला. आसपासच्या गावांतली पोरं अभिमन सरांच्या हाताखालून गेलेली. त्यामुळे संध्याकाळी मैदानाच्या कडेला कुणी धोतरातला किंवा पँटीतला गृहस्थ नुसताच उभा राहिला, की सर ओळखायचे. हा खेळ बघायला आलेला नाही.

मागच्या वर्षी असाच नवल आला होता. ठिबकवर कापूस आणि पपई करणारा, सरांपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, बोलायला मऊ. त्याच्या थोरल्या मुलीला, दिपमालाला, हितेंद्रचं स्थळ आलं होतं. हितेंद्र सरांच्या संघातला, जिल्ह्यापर्यंत खेळलेला. आता तो जळगावला मोटारसायकलींच्या शोरूममध्ये होता, मेहरूणला तलावाच्या अंगाला खोली घेऊन राहायचा. पोरगं कसं आहे, नवलने विचारलं. सरांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, सोनं आहे. व्यसन नाही, उलट बोलणं नाही, आणि काय पकड होती त्याची, घोटा धरला की सुटायचं नाव नाही. नवलला कबड्डीतलं काही कळत नव्हतं, पण सोनं कळत होतं. दोन महिन्यांत साखरपुडा झाला.

हल्ली साखरपुड्याच्या ताटात साडी-अंगठीच्या शेजारी मोबाईलही येतो. हितेंद्रकडून आलेला तर चांगलाच महागातला होता. त्यावर जावयाचे फोन सुरू झाले. सकाळी, दुपारी, जेवताना, झोपताना. दिपमालाची आजी भिकुबाई ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून सांगायची, "पोऱ्या दिनमां दहा येळा फोन करस. इतला जीव कोन लावस माय?" गल्लीतल्या सासुरवाशिणी ऐकायच्या आणि रात्री आपापल्या नवऱ्याशी भांडायच्या. शाळेत मोबाईलला बंदी होती. नवलने प्राचार्यांना भेटून एकट्या दिपमालापुरती परवानगी काढली. जावयाचा फोन उचलला नाही तर बरं दिसत नाही, हे प्राचार्यांनाही पटलं.

आजीच्या आजारपणात मध्ये एक वर्ष गेल्यामुळे दिपमाला बारावीतच अठराची झाली होती. परीक्षा संपली की लग्न.

तर हिवाळ्यातल्या एका मंगळवारी, मधल्या सुट्टीच्या आधी, अभिमन सर बारावीच्या वर्गात नातेसंबंध शिकवायला उभे राहिले. तक्ता त्यांनी गुंडाळूनच ठेवला होता. फळ्यावर एक उभी रेघ मारली. ही मधली रेषा, म्हणाले, आणि एकदम आपल्या मैदानात शिरले.

"खेळात मी तुझा पाय धरला तर तुला राग येतो का? नाही येत. कारण आपण दोघं खेळायचं ठरवून आत उतरलो. आणि डाव संपला की मी सोडतो. आता समज, तू बसस्टॉपवर उभा आहेस आणि मी येऊन तुझा पाय धरला."

"तुमचं काही काम अडलं असेल, सर," मागून कुणीतरी म्हणालं, आणि वर्ग हसला. सरही हसले. तास चांगला चालला होता. तेवढ्यात पहिल्या बाकावर, भिंतीकडेला, फोन थरथरायला लागला.

सरांनी हात पुढे केला. दिपमाला म्हणाली, सर, एकदा उचलू द्या, नंतर ठेवून घ्या. सर रंगात होते. म्हणाले, नवरदेवाला कळू दे, फोन सरांच्या खिशात आहे, सुखरूप आहे. तासभर बोलली नाहीस म्हणून लग्न मोडत नाही. वर्ग पुन्हा हसला. फोन ट्रॅकसूटच्या खिशात गेला. वर सरांनी तिचंच उदाहरण दिलं: हिच्याकडे बघा, चोरून काही नाही, घरच्यांना माहीत, सगळं राजरोस. बोलायचं तर असं.

मग ते मुद्द्यावर आले. नातं बिघडलेलं आहे हे कसं ओळखायचं, ते सांगायला लागले. तो तुमच्या फोनचा पासवर्ड मागतो. खिशात फोन थरथरला. तुम्ही कुठे आहात, कुणाजवळ बसला आहात, हे दर थोड्या वेळाने विचारतो. फोन थांबला आणि पुन्हा सुरू झाला. मैत्रिणी तोडायला लावतो. तुम्ही उत्तर दिलं नाही तर चिडतो, मग रडतो, मग स्वतःला काहीतरी करून घेईन म्हणतो. फोन आता थांबतच नव्हता. कुणी मांडीला एकसारखे चिमटे काढावेत तसं सरांना वाटत होतं. एका हाताने खिसा दाबून धरत ते बोलत राहिले. बोलता बोलता त्यांचं वाक्य आखूड होत गेलं.

किराणा दुकानवाल्या मोहनलाल शेठची मुलगी विधी, दिपमालाची लहानपणापासूनची मैत्रीण, उभी राहिली. तिने अगदी साध्या आवाजात विचारलं, "सर, मुलगा घरच्यांनी ठरवलेला असेल तर हे लागू होत नाही का?"

वर्गात कुणी हसलं नाही. सरांनी दिपमालाकडे बघितलं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. ती त्यांच्या खिशाकडे बघत होती.

घंटा झाल्यावर वर्ग रिकामा झाला, ती आणि विधी मागे राहिल्या. सरांनी फोन दिला. किती वेळा येऊन गेला ते दिपमालाने बघितलंच नाही. तिने आधी कॅमेरा उघडला. फळ्याचा फोटो काढला, बाकांचा काढला, विधीचा काढला, मग म्हणाली, सर, जरा इकडे बघता का. सरांचाही काढला. हे कशाला, सरांनी विचारलं.

"तास होता हे दाखवावं लागतं."

फोटो गेले आणि लगेच उत्तर आलं. ते तिने वाचलं आणि फोन बाकावर उलटा ठेवला. हितेंद्र जळगावहून निघाला होता. येऊनच बघतो कसला तास ते, असं त्याने लिहिलं होतं, आणि शाळा सुटायच्या आधी गेटवर येऊन उभी राहा.

येऊ दे की, असं सर म्हणणार होते. तेवढ्यात विधीने तोंड उघडलं. दिवाळीच्या आधी असाच तो आला होता. हिला गाडीवर बसवून नेलं होतं. त्यानंतर दोन दिवस ही शाळेत आली नाही आणि आली तेव्हा पोटरीला भाजलेलं होतं. सायलेन्सरवर पाय टेकला, दिपमाला घाईने म्हणाली, मीच नीट बसले नव्हते. नीट बसायला गाडी थांबायला तर पाहिजे, विधी म्हणाली. दिपमालाने तिला गप्प बसायला सांगितलं, पण तिचा आवाज गप्प बसवणाऱ्याचा नव्हता.

"सर, मी त्या गाडीवर बसणार नाही," ती म्हणाली. "पण तो बस म्हणाला की मी बसते. माझं मलाच कळत नाही."

सरांना आता ते धुळ्याचं अधोरेखित वाक्य आठवलं. नुसतं आठवलं नाही, त्या बाईंच्या आवाजात ऐकू आलं. त्याबरोबर दुसरंही एक वाक्य ऐकू आलं, ते त्यांच्या स्वतःच्या आवाजात होतं. सोनं आहे.

जळगावहून शिरपूरकडे यायला अडीच तास तरी लागतात. एवढा वेळ हाताशी असणं चांगलं की वाईट, हे सरांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. हितेंद्र वाटेतून कळवत होता. विदगावचा पूल ओलांडला. अडावद. प्रत्येक वेळी दिपमालाचा चेहरा थोडा थोडा उतरायचा आणि ती ओढणी नीट करायची, जणू तो आत्ताच दारात आलाय.

सर प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी ऐकून घेतलं आणि मुलीला घरी पाठवून द्या म्हणाले, हे त्यांच्या घरचं प्रकरण आहे, शाळेच्या गेटवर नको. घर होतं शाळेपासून बरंच लांब, वाटेत दोन्ही बाजूंना कपाशी आणि रस्त्याला चिटपाखरू नाही. सर म्हणाले, घरी पाठवतो म्हणजे त्याच्याच रस्त्यावर पाठवतो. प्राचार्य म्हणाले, अभिमनराव, तुम्ही तास घ्यायचा होता, कारवाई नाही.

सरांनी नवलला फोन लावला. काय सांगायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं, पण त्यातलं पहिलं वाक्य बोलून होतं न होतं तोच पलीकडून आनंदी आवाज आला. "जावाई येस का? मंग त्यास्ले बसाडा, चहा पाजा. मी येसच." आणि फोन बंद.

चोपडा सोडलं, असा निरोप आला.

सरांनी दिपमालाला खेळाच्या सामानाच्या खोलीत बसवलं आणि शाळेच्या शिपाई कुंदाबाईंना तिच्याजवळ. कुंदाबाई सगळं विचारतील अशी त्यांना धास्ती होती. त्यांनी काहीच विचारलं नाही. दार लोटून घेतलं, त्याला पाठ लावून बसल्या आणि मेथी निवडायला घेतली. सर गेटवर गेले. मोबाईलवर पोलिसांच्या एकशे बाराचे आकडे दाबून ठेवले, हिरवं बटण तेवढं राहिलं होतं. पोराने तिला गाडीवर ओढलं तर ते दाबायचं, असं ठरवलं.

हितेंद्र आला तो धुळीने भरलेला, हसतमुख, आणि हातात पेढ्यांचा खोका. गाडी लावून सरळ सरांच्या पाया पडला. "सर, किती दिवसांनी." पेढे चोपड्याचे होते. खोक्याला दोऱ्याची सुबक गाठ मारलेली होती. काळजीने ऊर फुटलेला माणूस पेढे बांधून घ्यायला थांबतो का, असा एक विचार सरांच्या डोक्यात आला. पण पोरगं इतकं गोड हसत होतं की तो विचार त्यांना स्वतःलाच कोता वाटला. प्राचार्य बाहेर आले, त्यांच्याही पाया पडून झालं. प्राचार्यांनी सरांकडे अशा नजरेने पाहिलं की, घ्या, हाच का तुमचा राक्षस.

"फोन लागत नव्हता," हितेंद्र म्हणाला. "जीव राहिना. म्हटलं, काही झालं तर नसेल."

मागोमाग नवल आला, टोपी सावरत. जावई कामधंदा टाकून एवढ्या लांब धावत आला हे पाहून त्याचे डोळेच भरून आले. "देखा सर, कितली काळजी शे त्यास्ले." सरांना फळ्यावरची रेघ, तो तक्ता, ती लक्षणं, सगळं या पाया पडणाऱ्या, पेढे आणणाऱ्या पोरासमोर खोटं वाटायला लागलं होतं. अजून थोडा वेळ असाच गेला असता तर त्यांनीच दिपमालाला हाक मारून त्याच्या स्वाधीन केलं असतं.

हाक नवलनेच मारली. ती आली. मागे कुंदाबाई, ओच्यात मेथीच्या काड्या तशाच.

हितेंद्रने हात पुढे केला. नुसता तळवा उघडला. दिपमालाने फोन त्यावर ठेवला. कुणी सुट्टे पैसे मागावेत आणि द्यावेत तितक्या सवयीने. त्याने तो उघडला, पासवर्ड त्याला पाठ होता, आणि सगळ्यांसमोर उभ्या उभ्या अंगठ्याने वर-खाली करायला लागला. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं. मग त्याने मान वर केली आणि नवलला विचारलं,

"मामा, अकराला तुमचा फोन होता हिला. काय बोलत होता?"

नवल लगबगीने सांगायला लागला, जसं पाहुण्याने तब्येत विचारली म्हणून सांगावं. मोटारीचं बोलनू. मोटर बंद पडनी व्हती ना.

"मोटारीला इतका वेळ? मी लावत होतो तेव्हा बिझी येत होता."

"मंग तिना मायनं बोलनू. तिले जरा ताप शे, म्हनून..."

"आणि त्याआधी काल रात्री? नऊला तर तुम्ही घरातच असता. घरात असून फोन कशाला?"

"मी वावरमां व्हतू, पानी देवाले. तिले म्हनं, भाकर..."

नवल थांबला. त्याचं तोंड भाकर या शब्दावर तसंच उघडं राहिलं. आपण काय करतोय ते त्याला वाक्याच्या मधोमध दिसलं असावं. त्याने जावयाकडे बघितलं, मग त्याच्या हातातल्या फोनकडे, मग पोरीकडे. पोर जमिनीकडे बघत होती. तिला या प्रश्नोत्तरांचं काहीच आश्चर्य वाटलेलं दिसत नव्हतं.

"मी मनी पोरसंगे काय बोलनू," नवल हळूच म्हणाला, "हाई तुले कसाले सांगू?"

साखरपुड्यापासून त्याने हितेंद्रला तुम्ही सोडून कधी काही म्हटलं नव्हतं. हितेंद्रच्याही ते लक्षात आलं. तो हसला, पण या वेळी हसू थोडं उशिरा आलं. तसं नाही मामा, म्हणाला, तुमचा गैरसमज होतोय, आम्ही दोघं जरा बोलून येतो. आणि त्याने दिपमालाचं मनगट धरलं. "चल. गाडीवर बोलू."

"मला नाही बसायचं," ती म्हणाली.

आवाज इतका बारीक होता की प्राचार्यांना तो ऐकू आला नाही. सरांना आला. हितेंद्रलाही आला, कारण त्याची बोटं आणखी आवळली. ती बोटं सरांच्या ओळखीची होती. अंगठा आत, चार बोटं बाहेर, मनगटाच्या हाडाच्या जरा वर. हे धरणं त्यांनीच शिकवलं होतं, याच मैदानावर, घाम गाळून.

"हात सोड, हितेंद्र."

"सर, आमचं घरचं आहे."

"तिने नाही म्हटलं. सोड."

त्याने सोडला नाही. सर त्याच्या आणि गाडीच्या मध्ये जाऊन उभे राहिले. त्यांना पन्नाशी उलटलेली, पोट सुटलेलं, आणि समोर ऐन पंचविशीतला त्यांचाच सर्वांत चांगला खेळाडू. झटापट झाली असती तर निकाल काय लागला असता हे सांगायला पंच लागला नसता. पण सर त्याच्याशी बोललेच नाहीत. त्यांनी मान नवलकडे वळवली.

"नवलभाऊ, तू चौकशीला आलास तेव्हा मी म्हणालो, पोरगं सोनं आहे. मला त्याचा खेळ माहीत होता. माणूस माहीत नव्हता. ते न सांगता मी तुझा चहा प्यायलो. तो शब्द मी आज सगळ्यांसमोर परत घेतो. आता मला नको विचारू, हिला विचार."

मास्तराने चौकशीतला शब्द परत घेतल्याचं त्या गावात कुणी ऐकलं नव्हतं. प्राचार्यांनी घसा खाकरला. रस्त्यावरून जाणारी एक ट्रॅक्टर-ट्रॉली उगाच थांबली. नवल पुढे आला. त्याने हितेंद्रची बोटं मनगटावरून एकेक करून उचलली, चिकटलेला कापूस बोंडातून काढावा तशी, न ओढता. हितेंद्रने ती उचलू दिली. एवढे लोक बघताहेत हे त्याच्या ध्यानात आलं होतं.

"सांग बेटा," नवल म्हणाला.

दिपमाला मनगट चोळत राहिली. मग म्हणाली, "परीक्षेपर्यंत मला हा फोन नको." चोळणं थांबवलं. "परीक्षेनंतरही नको."

याचा अर्थ तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळला. ताटात आलेली वस्तू परत गेली म्हणजे सोयरीक परत गेली. नवलला तर सगळ्यात आधी कळला. त्याच्या चेहऱ्यावरून वाटून झालेली सुपारी, ठरवून ठेवलेलं मंगल कार्यालय आणि ओट्यावर बसलेली आई असं सगळं एकामागून एक गेलं. त्याने हितेंद्रच्या हातातून फोन घेतला.

पण सिमकार्ड नवलच्या नावावर होतं आणि ते काढायचं कसं हे कुणाला येत नव्हतं. बाजूला एक बारीक भोक होतं, त्यात काहीतरी टोकदार घालायचं असतं एवढंच प्राचार्यांना माहीत होतं. हितेंद्रला काढता आलं असतं, तो समोर हाताची घडी घालून उभा होता. कुंदाबाईंनी बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढून दिली. नवलच्या जाड बोटांत ती पिन ठरेना. भोक एक, आणि पिन भलतीकडेच. शेवटी दिपमालाने त्याच्या हातातून पिन घेतली, एका दाबात कप्पा बाहेर काढला, सिम मुठीत धरलं आणि फोन हितेंद्रपुढे केला.

तो घेईपर्यंत तिचा हात तसाच हवेत राहिला, खाली आला नाही. त्याने फोन घेतला. "पस्तावाल," एवढंच म्हणाला, कुणाला ते नीट कळलं नाही. गाडी सुरू केली. पण गेला नाही. रस्त्यापलीकडे निंबाखाली गाडी लावून शाळेकडे बघत बसला. सरांनी तेव्हा हिरवं बटण दाबलं. पोलिसांची गाडी येईपर्यंत तो निघून गेला होता, पण आलेल्या हवालदाराने हितेंद्रचं आणि दिपमालाचं नाव लिहून घेतलं आणि नवलला म्हणाला, पुन्हा दिसला तर लगेच कळवा, लाजू नका. पेढ्यांचा खोका गेटच्या खांबावर राहिला होता. तो कुणीच उघडला नाही.

रविवारी बैठक बसली. मुलाकडून हितेंद्रचे चुलत आजोबा, जीवराम आबा, आले होते. वजनदार माणूस, पोरीच्या बापालाही अरे म्हणणारा. सर कोपऱ्यात बसले होते. आदल्या रात्री त्यांनी धुळ्याची वही काढून सगळं पुन्हा वाचलं होतं, बाईंच्या शब्दांत कसं सांगायचं ते घोकलं होतं. आबांनी सरळ हिशेबाला हात घातला. "मारं का त्यानी? नही. शिवी दिधी? नही. मंग मोडानं कसाले?"

सर सांगायला लागले. संशय, पाळत, धाक. बैठक त्यांच्याकडे अशी बघत होती जशी ते पुन्हा गायनाचा तास घेत आहेत. कुणीतरी तपकीर ओढली. लग्नाआधी एवढा जीव लावतो, मग लग्नानंतर लावणार नाही का, असं कुणीतरी म्हणालं आणि चार माना हलल्या. सर मधेच थांबले.

तेव्हा नवल बोलला. एरवी बैठकीत त्याचा आवाज सतरंजीच्या वर येत नसे. "आबा, हाऊ माले इचारस, मनी पोरसंगे मी काय बोलनू. माले. चार लोकस्ना समोर."

तिथला प्रत्येक जण कुणाचा ना कुणाचा बाप होता. जीवराम आबांनी नातवाकडे पाहिलं, हितेंद्र खाली बघत होता. आबांनी पानाचा डबा बंद केला. पुढचं सगळं भराभर ठरलं, कुणाचं काय कुणी परत करायचं ते. दुपारच्या जेवणाआधी सोयरीक मोडली.

सरांना हायसं वाटलं आणि त्याच वेळी काहीतरी टोचलंही. शंभर लक्षणं सांगून जे झालं नाही ते बापाच्या अपमानाने झालं होतं. पोरीचं मनगट दुखलं म्हणून नाही, बापाला जाब विचारला म्हणून. घरी येऊन त्यांनी वही पुन्हा पिशवीत टाकली.

सोमवारी दिपमाला शाळेत आली. भिकुबाई तिच्याशी बोलत नव्हती, गल्लीत कुजबुज होती, आता हिला कोण करणार वगैरे. ती सामानाच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. आत कुंदाबाई चटया झटकत होत्या, सर नेटची गाठ सोडवत होते.

"बैठकीत काय झालं ते पप्पांनी सांगितलं," ती म्हणाली. सरांनी मान हलवली. "त्यांनी पप्पांना काय झालं ते विचारलं. मला काय होत होतं ते कुणी विचारलंच नाही."

सरांच्या हातात नेटची गाठ तशीच राहिली. आपणही विचारलं नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं. गेटवरसुद्धा त्यांनी बापाला विचारायला लावलं होतं.

"मी विचारतो," ते म्हणाले. "काय होत होतं?"

कुंदाबाईंनी एक चटई तिच्यासाठी अंथरली आणि दुसरीवर स्वतः बसल्या. दार उघडंच होतं. दिपमाला बसली. आधी पोटरीचं सांगते, म्हणाली. मग थांबली, आणि म्हणाली, नाही, त्याच्याही आधीपासून सांगावं लागेल.

बाहेर तासाची घंटा झाली. आठवीची पोरं शूज वाजवत धावत आली आणि आज कोणता सराव म्हणून दारात गर्दी करून उभी राहिली. सरांनी त्यांच्याकडे न बघता, हातानेच, मैदानाला फेऱ्या मारा अशी खूण केली. किती, एकाने विचारलं. सर म्हणाले, मी थांबवेपर्यंत.